सतरावा रकाना

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, यांच्याबद्दल लोक चांगलंच बोलतात. निर्व्यसनी, कष्टाळू, कुणाच्या अध्यात ना मध्यात. वीस वर्षं मीही तेच बोलत होते. आता ते समोर आले की माझ्याच्यानं दोन शब्द धड बोलवत नाहीत, आणि याचं मला फारसं वाईटही वाटत नाही. वाटायला हवं, असं ताईचं म्हणणं आहे.

भाऊजी लोखंडाच्या गोदामात क्रेन चालवायचे. रस्त्यावर फिरते ती चाकांची क्रेन नव्हे. ही छपराखाली रुळांवरून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरकते. तिच्या पोटाला काचेची केबिन लटकलेली, आणि तिथवर जायला भिंतीत ठोकलेली उभी शिडी, मोजून सेहेचाळीस पायऱ्या. सकाळी डबा, पाण्याची बाटली आणि बसायची उशी पाठीवरच्या पिशवीत टाकून ते चढायचे, ते जेवणाच्या सुट्टीलाच खाली यायचे. खाली एक माणूस हातांनी खुणा करायला असे. दोन्ही हात पसरले की थांब, तळवा खाली केला की सोड, बोट वर करून फिरवलं की हळूहळू उचल. त्याला सगळे खुणावालाच म्हणायचे. पत्र्याची सहा टनांची गुंडाळी भाऊजी लाकडी ओंडक्यांवर अशी टेकवायचे की झोपलेलं मूल गादीवर ठेवतोय असं वाटावं. बावीस वर्षांत एक ओरखडा नाही. गोदामात त्यांना 'वरचा' हेच नाव पडलं होतं. ट्रकवाले यायचे ते आधी विचारायचे, "आज वरचा आहे ना?" आणि आहे म्हटल्यावर निवांत विडी पेटवायचे.

हे मी मनापासून सांगतेय. हातात कसब होतं माणसाच्या. डोकं मात्र त्यांनी वापरून कधी फारसं झिजवलं नाही.

मी स्वतः शिवणकाम करते, घरातल्याच पुढच्या खोलीत, बायकांचे कपडे. माझ्या मापाच्या वहीत कुणाचंही नाव नसतं. एका पानावर चांदणी, एकावर मासा, एकावर दोन आडव्या रेघा. कुठली खूण कुणाची ते फक्त मला ठाऊक. एकीची कंबर दुसरीला कळली की माझा धंदा बसला. बाई माझ्यासमोर हात वर करून उभी राहते ती त्या भरवशावर. त्यामुळे उठसूट सगळ्यांना सगळं सांगत सुटणाऱ्या माणसांचं मला कधीच कौतुक वाटलं नाही. ताईची इमारत तर अशा माणसांनी गच्च भरलेली.

आधी जिन्यात कॅमेरे आले. सरकारकडून पत्र आलं, इमारतीची सभा भरली, आणि सभेत भांडण झालं. मी त्या दिवशी तिथेच होते, मला वाटलं, चला, कुणीतरी तोंड उघडलं. कसलं काय! भांडण याचं होतं की कॅमेरे फक्त पहिल्या तीन मजल्यांवर का. "आम्ही चौथ्या मजल्यावाल्यांनी काय पाप केलंय?" असं एक बाई तावातावानं विचारत होत्या. शेवटी सगळ्यांनी मिळून अर्ज केला आणि चौथ्या मजल्यासाठी एक जास्तीचा कॅमेरा मागून घेतला. भाऊजींनी घरचं ड्रिल मशीन आणलं आणि भोकं पाडून दिली. उंचावरचं काम त्यांच्याशिवाय कोण करणार?

मग लिफ्टपाशी एक डबी बसली, बोलणं ऐकणारी. आठ दिवस लोक तिच्यापाशी कुजबुजत होते. नवव्या दिवसापासून मुद्दाम मोठ्यानं बोलायला लागले. तळमजल्यावर एक निवृत्त हेडक्लार्क राहतात. हा गृहस्थ लिफ्टची वाट बघत असताना एकटाच उभा राहून रस्त्यांच्या डांबरीकरणाची तारीफ करायचा. मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. मी वर गेले आणि हसून हसून ताईला सांगितलं. भाऊजी हसले नाहीत.

"त्यात हसण्यासारखं काय? चांगलं आहे ते चांगलं म्हणावं माणसानं."

"पण डबीला?"

"आपल्याला कुठे काय लपवायचंय?"

हे त्यांचं आवडतं वाक्य. लपवण्यासारखं काही नसणं ही जणू जन्मभराची कमाई, अशा थाटात म्हणायचे. ते ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची. एकदा मी ठरवून सूड घेतला. त्यांच्याकडे हेडक्लार्क आणि आणखी दोघंतिघं चहाला आले होते. मी ताईसाठी टेप घेऊन गेले होते, ती भाऊजींच्या पोटाला गुंडाळली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "छाती अडतीस, पोट त्रेचाळीस. ताई, लिहून घे गं, पोट पुढे आहे." भाऊजी कानापर्यंत लाल झाले. पाहुणे गेल्यावर माझ्यावर उखडले. चारचौघांत माझं माप काढतेस? मी म्हटलं, लपवायचं काय त्यात? ते म्हणाले, "ते वेगळं." वेगळं कसं ते मात्र अजूनपर्यंत सांगितलेलं नाही.

असो. गेल्या वर्षी ती 'खुलं घर' नावाची योजना आली. प्रत्येक घरानं बेचाळीस रकान्यांचा एक फॉर्म भरायचा. घरात कोण राहतं, कोण येतं, किती वाजता येतं, किती वाजता जातं, काय वाचता, कुठे फिरायला जाता, घरात कशावरून वाद होतात. फॉर्म पूर्ण भरला की दाराला हिरवी पट्टी. इमारतीतल्या सगळ्या दारांना पट्ट्या लागल्या की फाटकावर सरकारी फलक. फॉर्म वाटायला एक गोड मुलगी यायची, तिला सगळे नोंदवाली म्हणायचे. प्रत्येक दारात ती न चुकता सांगायची, "काका, सक्ती अजिबात नाही हं. मनापासून वाटलं तरच भरा." एवढं ऐकलं की काका-काकूंना जो काही उमाळा यायचा! जास्तीची पानं मागून घेतली लोकांनी. चौथ्या मजल्यावरच्या त्याच बाईंनी 'घरातील वाद' या रकान्यात सुनेबद्दल एवढं लिहिलं की नोंदवालीला सांगावं लागलं, काकू, बास.

मी माझ्या घरचा फॉर्म भरला नाही. यात शौर्य वगैरे काही नाही, मला मुळात लिहायचा कंटाळा. पण दाराला पट्टी नाही म्हणून माझ्या चार गिऱ्हाइकांनी येणं सोडलं. ज्या बायकांची मापं मी त्यांच्या नवऱ्यांनाही सांगितली नाहीत, त्याच या. म्हटलं, जा बायांनो.

भाऊजींनी फॉर्म भरला तो रविवारचा दिवस मला लख्ख आठवतो. दुपारी साडेचारला मी ताईकडे गेले तर टेबल पुसून लख्ख केलेलं, भाऊजी चष्मा लावून, पट्टी आणि दोन पेनं घेऊन बसलेले. अक्षर त्यांचं सुरेख, वळणदार. एकेक रकाना वाचायचे, विचार करायचे, लिहायचे. पाहुण्यांच्या रकान्यात माझं नाव लिहून झालेलं होतं. मी कधी येते, कधी जाते, सगळं.

"माझं कशाला लिहिलंत?"

"येतेस ना तू?"

"येते."

"मग?"

मी ताईच्या झग्याला बाही शिवत होते, दातात दोरा होता, भांडायला तोंड रिकामं नव्हतं. भाऊजींचं पेन सतराव्या रकान्यावर येऊन अडलं. 'स्वतःला जाणवणाऱ्या तब्येतीच्या तक्रारी' असा तो रकाना. पाच ओळींची जागा.

आता खरी गोष्ट अशी की भाऊजींना तब्येतीची एकही तक्रार नव्हती. सर्दी झालेली मी पाहिली नाही. दात सगळे शाबूत. सेहेचाळीस पायऱ्या दिवसातून दोनदा चढणारा माणूस, त्याला काय धाड भरलीय? फॉर्मवर खाली बारीक अक्षरात छापलं होतं, नसल्यास 'काही नाही' असे लिहावे. एवढं लिहायचं आणि अठराव्याकडे वळायचं.

पण तेवढ्यात हेडक्लार्क आले. ते त्या दिवसांत घरोघर फिरून लोकांचे फॉर्म तपासून द्यायचे, कुणी सांगितलं नसताना. त्यांनी भाऊजींच्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि जीभ चावली.

"रिकामा ठेवू नका हो. मी सात रोग लिहिलेत."

"मला काही होतच नाही पण," भाऊजी म्हणाले.

"अहो, असं कुणी असतं का? पहिल्या मजल्यावरच्या मास्तरांनी चार लिहिलेत. ती कॉलेजातली पोरगी, तिनंसुद्धा दोन लिहिलेत. सगळ्या इमारतीत तुम्हीच एकटे 'काही नाही' लिहिलंत, तर कसं दिसेल ते?"

"कसं दिसेल?"

"लपवल्यासारखं."

भाऊजींच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. बावीस वर्षं लोकांच्या डोक्यावरून सहा टन लोखंड फिरवणारा माणूस पाच रिकाम्या ओळींना घाबरला! ताई आतून म्हणाली, "लिहा की मग आम्लपित्त." भाऊजी म्हणाले, "ते सगळ्यांनीच लिहिलंय." त्यांना स्वतःचं असं काहीतरी हवं होतं. आणि शोभेल असं. मूळव्याध, गॅसेस असलं काही हेडक्लार्क लिहू शकतात, वरच्याला ते शोभत नाही. पाच मिनिटं ते छताकडे बघत बसले. मग त्यांनी त्या सुरेख अक्षरात लिहिलं, 'कधीकधी उंचावर असताना क्षणभर भोवळ येते.' आणि पेन ठेवून ते वाक्य डोकं तिरकं करून बघितलं, चित्र काढलेलं बघतात तसं.

मी दातातला दोरा थुंकला.

"भाऊजी! काम काय करता, आणि लिहिताय काय? खोडा ते आधी."

"खाडाखोड चालत नाही," हेडक्लार्क म्हणाले.

"अगं, हे तब्येतीचं," भाऊजी मला समजावायला लागले. "नोकरीशी याचा काय संबंध? सरकार केवढं मोठं असतं. या खोलीतलं त्या खोलीत कळत नाही त्यांना."

बघा म्हणजे. दहा मिनिटांपूर्वी याच माणसाला सरकारला सगळं कळावं असं वाटत होतं. मी आणखी बोलायला हवं होतं. फॉर्म उचलून फाडायला हवा होता. मी काय केलं, तर कपाळावर हात मारला आणि बाही शिवून पूर्ण केली. मला वाटलं, मरू दे, यांचं यांना लखलाभ. हा राग मी पुढे स्वतःवर पुष्कळदा काढलाय.

महिन्याभरात फाटकावर 'संपूर्ण खुली इमारत' असा फलक लागला. टाळ्या झाल्या, फोटो झाले. फोटोत भाऊजी मधोमध आहेत, कारण फलकाचे खिळे त्यांनीच ठोकले. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात, सकाळी अकरा वाजता, गोदामाच्या साहेबांनी त्यांना खाली बोलावलं. वेळेआधी खाली उतरायची बावीस वर्षांतली पहिलीच वेळ. साहेबांच्या हातात सरकारी कागद होता, त्यावर तेच वाक्य छापलेलं. साहेब म्हणाले, "मला तुमच्याबद्दल शंका नाही हो. पण हे तुमच्याच शब्दांत आहे. उद्या काही झालं तर मी काय तोंड दाखवू?" दुपारपर्यंत शिडी चढून दुसरा माणूस केबिनमध्ये बसला. भाऊजींना कोठीत बसवलं. कोठीत बसून हातमोजे द्यायचे, हुक द्यायचे, वहीत सही घ्यायची. केबिनमधली त्यांची उशी खुणावाल्यानं आणून दिली.

ताई रडली. भाऊजी तिला म्हणाले, "त्यांचंही बरोबर आहे." अंगाचा तिळपापड झाला माझ्या.

मी त्यांना हाताला धरून नोंद-दुरुस्तीच्या खिडकीवर नेलं. तिथला कारकून भारी सभ्य. बसायला खुर्ची दिली, पाणी विचारलं.

"म्हणजे भोवळ येत नाही तुम्हाला?"

"नाही."

"मग लिहिलंत कशाला?"

"रकाना रिकामा दिसत होता," भाऊजी म्हणाले.

कारकुनाला याचं जराही नवल वाटलं नाही. "दोन मार्ग आहेत," तो म्हणाला. "नोंद खरी असेल, तर केबिन बंदच राहील. नोंद खोटी असेल, तर खोटी माहिती दिल्याचं प्रकरण होईल, आणि तुमचे बाकीचे एकेचाळीस रकानेही तपासावे लागतील. घरी येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांसकट."

"माणसांसकट म्हणजे? मी पण का?" मी विचारलं.

"आपण कोण?"

"मेहुणी यांची."

त्यानं दोन बटणं दाबली. "हो, आहात आपण. दर रविवारी, साडेचार ते सात." आणि माझ्याकडे बघून हसला, ओळख निघाल्यासारखा.

बाहेर आल्यावर मला वाटलं, आता तरी हा माणूस दोन शिव्या घालील. भाऊजी म्हणाले, "किती व्यवस्थित ठेवलंय गं सगळं. मिनिटात काढून दाखवलं."

मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी कान तपासले, रक्तदाब पाहिला, डोळे मिटून एका पायावर उभं केलं. ठणठणीत, असं लिहून दिलं. तो दाखला मी खिडकीवर दिला, आणि आठ दिवसांनी तो एका उत्तरासकट परत आला. तपासणीच्या वेळी भोवळ आढळली नाही हे मान्य, पण नोंदीत 'कधीकधी' असे नमूद असल्याने दाखल्यामुळे नोंद खोटी ठरत नाही. या कागदाला काय म्हणावं? मी तो तीनदा वाचला आणि मला त्यात चूक सापडेना, याचाच जास्त संताप आला.

मग मी इमारतीत फिरले. एक साधा कागद केला होता, की सतरावा रकाना आम्ही सर्वांनी अंदाजानं आणि एकमेकांचं बघून भरला. सह्या करा, एका माणसाची भाकरी वाचेल. मास्तर म्हणाले, विचार करून सांगतो. चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी दारच उघडलं नाही, आतून म्हणाल्या, कॅमेरा आहे समोर. आणि हेडक्लार्क? ज्या माणसानं आग लावली, त्यानं मला आत बोलावून बसवलं आणि शांतपणे विचारलं, "मी सही केली तर माझे सात रोग खोटे ठरतील, त्याचं काय?" त्यांना म्हणे रोगांमुळे बँकेत वेगळ्या रांगेत उभं राहता येत होतं. खुर्चीवर उशी ठेवून घेतली होती. जेवणात मीठ बंद केलं होतं. मी विचारलं, "हेडक्लार्क, तुम्हाला खरंच आहे का हो त्यातलं काही?" ते उशी सारखी करत म्हणाले, "आता जाणवतं." मी कागदाचा बोळा करून पिशवीत टाकला. एकही सही मिळाली नाही. माणसं इतकी भेकड असतात हे मला माहीत होतं, पण भेकडपणाला इतके शिस्तीत टाके घालून ठेवतात हे माहीत नव्हतं.

भाऊजी कोठीत बसून दिवसेंदिवस बदलत चालले. फोनवर स्वतःची नोंद उघडून वाचायची सवय लागली. चहा पिताना वाचायचे, जेवण झालं की वाचायचे. जिना उतरताना कठडा धरायला लागले. दाढी खुर्चीवर बसून करायला लागले. दिवा गेला तर ताई स्टुलावर चढायची आणि हे खाली उभं राहून सांगायचे, "सांभाळ." हेडक्लार्क वाटेत भेटला की सल्ला द्यायचा, भोवळवाल्यांनी मान वर करू नये. आणि हा माणूस मान खाली घालून हो म्हणायचा. मी ओरडायचे, "अहो, तुम्ही बनवलंत ते! माझ्यासमोर बनवलंत, छताकडे बघून!" ते माझ्याकडे अशा नजरेनं बघायचे की जणू मीच काहीतरी भलतंसलतं बोलतेय.

तरी मी सोडलं नाही. त्या खिडकीवर पाचव्यांदा गेले तेव्हा दारामागे चिकटवलेल्या नियमांत मला एक कलम सापडलं. नोंद खरी की खोटी यात न शिरता माणूस अधिकाऱ्यासमोर आपलं काम प्रत्यक्ष करून दाखवू शकतो. दाखवलं, तर नोंदीपुढे 'त्रास उरला नाही' असा शेरा, आणि काम परत. खोटं बोलल्याचं प्रकरण नाही, काही नाही. कारकून म्हणाला, "हे कुणी मागत नाही हो." म्हटलं, मी मागते.

साहेब तर तयारच होते, नव्या माणसानं दोन गुंडाळ्या आपटून चेपवल्या होत्या. खुणावाल्यानं शिडी पुसून ठेवली. भाऊजींना फक्त एवढंच करायचं होतं की वर जायचं, एक गुंडाळी उचलायची, दहा पावलांवर ठेवायची, खाली यायचं. झोपेतसुद्धा करतील असं काम. आदल्या दिवशी ताईनं त्यांचा कामाचा शर्ट इस्त्री केला. मी त्यांना शंभरदा बजावलं, "एक शब्द बोलू नका. नुसतं चढा."

सकाळी दहा वाजता सगळे जमले. अधिकारी आला, बरोबर कॅमेरा धरणारा एक जण. गोदामातली माणसं हातातलं काम टाकून उभी राहिली, ट्रकवालेही आले. भाऊजींनी पिशवी पाठीला लावली, शिडीला हात घातला आणि चढायला लागले. पहिल्या दहा पायऱ्या भराभर चढले. खुणावाल्यानं माझ्याकडे बघून मान हलवली. पंधरा. अठरा. मला वाटलं, जिंकलो आपण.

विसाव्या पायरीवर ते थांबले.

त्यांनी खाली बघितलं. गोदामाकडे नव्हे, अधिकाऱ्याच्या हातातल्या कागदाकडे. तिथूनही मला त्यांचा चेहरा दिसत होता, आणि मी त्यांना पुरेपूर ओळखते. ते सरळ वर गेले असते, तर ते वाक्य त्यांनी बनवलेलं ठरत होतं. कलम काहीही म्हणो, त्यांच्या स्वतःच्या हिशेबात ते सरकारपुढे खोटे पडत होते, सरकारच्याच माणसादेखत. मी ओरडले, "भाऊजी, वर बघा!" तोवर त्यांची बोटं पांढरी पडली होती. हे सोंग नव्हतं. घाम मला खालून दिसत होता. डोकं त्यांनी भिंतीला टेकवलं आणि डोळे मिटून घेतले. बावीस वर्षांत जी कधी आली नव्हती, ती भोवळ त्यांना त्या क्षणी खरोखर आली.

खुणावाला शिडी चढून गेला. त्यांचा एकेक पाय हातानं धरून त्यानं एकेका पायरीवर ठेवला आणि त्यांना खाली आणलं. साहेब पाठ फिरवून ऑफिसात निघून गेले. भाऊजींना बाकावर बसवलं, पाणी दिलं. ओठ पांढरेफटक, शर्ट भिजलेला. मला वाटलं, आता हा माणूस रडेल, आणि रडला असता तर मी त्याला सगळं माफ केलं असतं. देवाशपथ केलं असतं.

ते पाणी प्यायले, त्यांनी तोंड पुसलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला. नुसता रंग नाही, तरतरी आली.

"बघितलंस?" ते मला म्हणाले. "मी खोटं लिहिलं नव्हतं."

अधिकाऱ्यानं कागद पुढे केला. तशा अवस्थेतही भाऊजींनी वळणदार सही केली, आणि वेळ लिहायची राहिलीय हे त्यांनीच दाखवून दिलं. अधिकारी म्हणाला, तुमच्यासारखी माणसं फार कमी. खुणावाला हातमोजे काढून शिडीच्या तळाशी बसला होता, त्यानं मान वर केली नाही.

ताईला काय सांगायचं ते मी परतीच्या बसमध्ये मनात जुळवत होते. भाऊजी खिडकीशी बसले होते, फोनवर नोंद उघडून. एकदम त्यांनी मला कोपरानं ढोसलं आणि फोन माझ्यापुढे धरला. वाक्य तेच होतं, फक्त त्यातला 'कधीकधी' हा शब्द निघाला होता.

"बघ," ते खूश होऊन म्हणाले, "झाली एकदाची दुरुस्ती."